कॅन्सर निघावा पण नाक राहावं: त्वचेच्या कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये चांगली कातडी कशी वाचवायची

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. मी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, थिएटरच्या शेजारच्या छोट्या खोलीत क्रायोस्टॅट नावाच्या मशीनवर बसते आणि सर्जननी नुकताच काढलेला कातडीचा तुकडा गोठवून त्याचे पातळ पापुद्रे कापते. पेशंट बाहेर नाकावर पट्टी लावून बसलेला असतो आणि सारखं घड्याळ बघत असतो. इतकी वर्षं हे काम केल्यावर एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसलीय. सर्जननी भीत भीत कमी कापलं म्हणून कातडी वाचली असं मी फारसं बघितलेलं नाही, कुठे कापायचं आणि कुठे थांबायचं हे नक्की कळलं की वाचते. आणि हे कळण्यात पेशंटचा आणि घरच्यांचा बऱ्यापैकी हात असतो, फक्त त्यांना ते कुणी सांगत नाही, म्हणून हा सगळा खटाटोप.

आधी एक छोटा हिशोब करू, नाहीतर पुढचं उगाच किचकट वाटेल. समजा नाकाच्या शेंड्यावर ६ मिलीमीटरचा बेसल सेल कार्सिनोमा (त्वचेच्या कॅन्सरचा एक प्रकार) आहे, म्हणजे शर्टाच्या बटणापेक्षाही लहान. चारही बाजूंनी ४ मिलीमीटर चांगली कातडी धरून कापलं तर खड्डा होतो १४ मिलीमीटरचा, क्षेत्रफळ साधारण १५४ चौरस मिलीमीटर. तेच २ मिलीमीटर धरून भागलं तर खड्डा १० मिलीमीटरचा, क्षेत्रफळ ७९ च्या आसपास, म्हणजे निम्मंच झालं. पाठीवर असता तर कुणाला काही फरक पडला नसता, तिथे कातडी सैल असते, ओढून टाके घातले की काम झालं. पण नाकाच्या शेंड्यावर तेवढ्याशा फरकाने साधे टाके घालून भागतंय की कपाळावरची कातडी वळवून खाली आणावी लागतेय हे ठरू शकतं.

मग सगळीकडे ४ मिलीमीटरच का धरतात? तर १९८७ साली एक अभ्यास झाला होता, त्यात २ सेंटीमीटरपेक्षा लहान आणि कडा नीट दिसणाऱ्या बेसल सेलमध्ये ४ मिलीमीटर मार्जिन, म्हणजे गाठीभोवतीची चांगली कातडी, धरलं तर ९५ टक्क्यांहून जास्त गाठी पूर्ण निघतात असं दिसलं. आता याचा अर्थ नीट लक्षात घ्या, बहुतेकांना ४ पेक्षा कमी लागलं असतं, पण कुणाला किती लागणार हे वरून दिसत नाही, म्हणून सगळ्यांकडूनच इन्शुरन्सच्या हप्त्यासारखी ती जास्तीची चांगली कातडी घेतली जाते. आणि एवढा हप्ता भरूनही काहींचा कॅन्सर आत राहतोच.

राहतो कारण हा प्रकार हराळीसारखा वाढतो. वर एवढासा झुबका दिसतो पण मातीखाली कुठल्या बाजूला किती लांब गेलीय ते उपटल्याशिवाय कळत नाही, तीन बाजूंना काहीच नसतं आणि चौथ्या बाजूला एक बारीक मूळ लांबवर गेलेलं असतं. गोल मार्जिन धरून कापलं की तीन बाजूंची चांगली कातडी फुकट जाते आणि चौथीकडचं मूळ मात्र तसंच राहतं, दोन्हीकडून तोटा.

बायोप्सीच्या दिवशीच फोटो काढा

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम हेच आहे आणि नेमकं हेच राहून जातं. बायोप्सी म्हणजे तपासणीसाठी कातडीचा छोटा तुकडा काढणं, ती घेण्याआधी पेनाने जागेभोवती गोल करायला सांगा आणि मोबाईलवर दोन फोटो काढा, एक जवळून आणि एक जरा लांबून, ज्यात कान, डोळ्याचा कोपरा, एखादा तीळ असं काहीतरी ओळखीचं दिसेल. नुसता जवळून काढलेला फोटो काही कामाचा नाही, त्यात सगळी कातडी सारखीच दिसते. एक गंमत अजून, सेल्फी कॅमेरा कधी कधी फोटो आरशासारखा उलटा करून ठेवतो, म्हणून शक्यतो दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगा.

याला एवढं महत्त्व का, तर बायोप्सीनंतर ऑपरेशनपर्यंत काही आठवडे जातात, जखम भरते, कधी कधी तर इतकी छान भरते की जागाच सापडत नाही. पेशंटला वाटतं माझ्याच तोंडावरचं आहे, मला कसं नाही कळणार, पण ज्यांच्या चेहऱ्यावर उन्हाने आधीच दहा डाग आहेत त्यांची हमखास गफलत होते. आमच्याकडे एक काका आले होते, गालावर बोट ठेवून ठाम सांगत होते की हीच जागा. त्यांच्या मुलीने बायोप्सीच्या दिवशी काढलेला फोटो दाखवला तर खरी जागा दीड सेंटीमीटर वर, कानाकडे होती. फोटो नसता तर चांगल्या कातडीचा तुकडा काढून, गोठवून, तपासून मी रिपोर्टला पाठवला असता की कॅन्सर कुठेच नाही, आणि सगळे खूश झाले असते.

आणि हो, जखम भरली, खपली पडली, डाग गेला म्हणून कॅन्सर गेला असं समजून अपॉइंटमेंट कॅन्सल करू नका. मूळ खाली तसंच असू शकतं.

रिपोर्टमध्ये काय बघायचं

रिपोर्ट हातात आला की फक्त कॅन्सर आहे का नाही एवढंच बघून फाइल बंद करू नका, कुठला कॅन्सर आणि त्यातला कुठला उपप्रकार हेही विचारा. बेसल सेल सगळ्यात कॉमन, हळू वाढतो, लांब पसरायचं प्रमाण अगदीच कमी, पण त्यातही नोड्युलर प्रकार बराच सरळमार्गी असतो आणि इन्फिल्ट्रेटिव्ह, मॉर्फिफॉर्म, मायक्रोनोड्युलर हे आतल्या आत मुळं सोडणारे असतात. स्क्वॅमस सेल हा त्वचेच्या कॅन्सरचा दुसरा प्रकार, त्यात साधारण ४ ते ६ मिलीमीटर मार्जिन धरतात, जास्त धोक्याचा असेल तर त्याहून जास्त, आणि तो लिम्फ नोडमध्ये जाऊ शकतो म्हणून तिथे गळा, काखही तपासतात. रिपोर्टमध्ये पेरिन्यूरल असा शब्द असेल तर कॅन्सर मज्जातंतूच्या (नर्व्हच्या) कडेने सरकतोय असा त्याचा अर्थ, ते हलक्यात घ्यायचं नाही.

मेलानोमाचं, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींच्या कॅन्सरचं, गणित पूर्ण वेगळं आहे. तिथे गाठीची खोली किती यावर मार्जिन ठरतं, १ मिलीमीटरपर्यंत असेल तर साधारण १ सेंटीमीटर, २ मिलीमीटरपेक्षा खोल असेल तर २ सेंटीमीटर, मधल्याला १ ते २. इथे कातडी वाचवायच्या नादात सर्जनशी घासाघीस करू नका प्लीज. सावळ्या किंवा काळ्या कातडीच्या लोकांनी तळपाय, तळहात आणि नखाखालची काळी रेघ याकडे जास्त लक्ष द्यावं, तिथे होणारा मेलानोमा उन्हाशी संबंधित नसतो आणि उशिरा सापडतो. बेसल सेलसुद्धा गडद कातडीवर बऱ्याचदा काळपट चमकदार दिसतो, लोक तीळ म्हणून सोडून देतात.

कुठलं ऑपरेशन, आणि मोह्स म्हणजे नेमकं काय

नेहमीच्या ऑपरेशनमध्ये गाठ मार्जिनसकट काढतात, टाके घालतात, तुकडा पॅथॉलॉजीला जातो आणि काही दिवसांनी रिपोर्ट येतो. तिथे तुकड्याचे उभे काप घेतात, पावाच्या स्लाइससारखे, म्हणून त्याला ब्रेड लोफिंग म्हणतात. दोन कापांच्या मधला भाग कुणी बघत नाही. सगळी कड धरली तर प्रत्यक्षात तिचा १ टक्क्याहूनही कमी भाग मायक्रोस्कोपखाली दिसतो. हे ऐकून घाबरू नका, पाठीवरच्या साध्या छोट्या गाठीला एवढं पुरतं, कारण मार्जिन मोठं धरलेलं असतं. पण मार्जिन छोटं ठेवायचं असेल तर एवढ्याशा नमुन्यावर विसंबून चालत नाही, सगळी कड बघावी लागते.

हेच मोह्स सर्जरीत करतात. लिहिताना मोह्स, पण डॉक्टर लोक बोलताना मोज म्हणतात, दोन्ही एकच. अमेरिकेत विस्कॉन्सिनला फ्रेडरिक मोह्स नावाचे एक डॉक्टर होते, त्यांना विद्यार्थी असतानाच दिसलं होतं की झिंक क्लोराईडने पेशी जागच्या जागी टिकून राहतात, मायक्रोस्कोपखाली त्यांची रचना बिघडत नाही. १९३६ पासून ते झिंक क्लोराईडची पेस्ट पेशंटच्या गाठीवर लावायचे, थांबायचे, थर काढायचे, बघायचे, परत लावायचे. एकेका थराला दिवस जायचा आणि पेस्टने दुखायचंही भरपूर. १९५३ साली पापणीच्या एका केसमध्ये त्यांनी पेस्टशिवाय ताजा तुकडा गोठवून बघितला, आणि १९७० च्या दशकात तीच पद्धत रूढ झाली. आज या ऑपरेशनात पेस्ट फारशी कुणी वापरत नाही, नाव तेवढं राहिलं.

त्या पेस्टवरून आठवलं. इंटरनेटवर ब्लॅक साल्व्ह नावाचं काळं मलम विकतात, त्यात बऱ्याचदा हेच झिंक क्लोराईड आणि ब्लडरूट नावाच्या झाडाचा मुळाचा अर्क असतो, आणि जाहिरातीत लिहितात की हे फक्त कॅन्सर ओळखून खातं. साफ खोटं आहे ते. ते चांगली वाईट सगळी कातडी जाळतं, वर व्रण धरतो आणि खाली कॅन्सर आरामात वाढत राहतो. डॉक्टर मोह्स स्वतः पेस्ट लावून प्रत्येक थर मायक्रोस्कोपखाली बघत होते, घरी बसून डबी उघडणाऱ्याकडे काय आहे?

मोह्स सगळ्यांना लागत नाही हेही सांगते. डोळे, नाक, ओठ, कान, कानशिलं असा चेहऱ्याचा मधला आणि कडेचा भाग, हात, पाय, गुप्तांग, म्हणजे जिथे कातडी कमी आहे आणि काम महत्त्वाचं आहे, तिथे ती उपयोगी. शिवाय परत आलेली गाठ, कडा अस्पष्ट असलेली, मोठी, मुळं सोडणारा उपप्रकार, किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे असे पेशंट. नेदरलँड्समध्ये चेहऱ्याच्या बेसल सेलवर तुलना केली होती, त्यात आधी एकदा काढून परत उगवलेल्या गाठींमध्ये १० वर्षांत पुन्हा येण्याचं प्रमाण मोह्सनंतर ३.९ टक्के आणि नेहमीच्या ऑपरेशननंतर १३.५ टक्के निघालं. म्हणून परत आलेली गाठ असेल तर मी तरी मोह्ससाठी प्रवास करायची तयारी ठेवा असंच म्हणेन.

मोह्स मिळतच नसेल तर हातावर हात धरून बसायची गरज नाही. सर्जनला दोन गोष्टी विचारा. पहिली, तुकड्याला दिशा दाखवणारा टाका घालणार का? म्हणजे तुकड्याच्या वरच्या टोकाला, घड्याळात १२ वाजतात त्या जागी, एक दोरा बांधून पाठवतात. क्षुल्लक वाटतं ना? पण दोरा नसेल आणि रिपोर्टमध्ये आलं की कडेला कॅन्सर आहे, तर कुठल्या कडेला हे जगात कुणालाच सांगता येत नाही, मग सगळं वर्तुळ परत कापावं लागतं. दोरा असेल तर रिपोर्ट येतो की ३ च्या बाजूला आहे, आणि तेवढाच भाग परत काढला की झालं. एका दोऱ्यावर चेहऱ्याची केवढी कातडी वाचते बघा.

दुसरी गोष्ट, टाके त्याच दिवशी घालणार की रिपोर्ट आल्यावर? साधे सरळ टाके असतील तर त्याच दिवशी चालतं. पण फ्लॅप करायचा असेल, म्हणजे शेजारची कातडी फिरवून खड्ड्यावर आणायची असेल, तर कडा क्लिअर असल्याची खात्री होईपर्यंत थांबणं बरं. एकदा कातडी इकडची तिकडे झाली आणि मग कळलं की कॅन्सर राहिलाय, तर तो आता कुठे सरकलाय हे शोधणं महाकठीण, आणि फ्लॅपही वाया. जखम काही दिवस ड्रेसिंगखाली उघडी ठेवून रिपोर्टची वाट बघतात, त्याला बरेच लोक स्लो मोह्स म्हणतात. आरशात बघायला भयंकर वाटतं पण जखमेचं त्याने फारसं बिघडत नाही.

ऑपरेशनच्या आधी

रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, हे ठळक अक्षरात लिहायला हवं. बहुतेक वेळा कातडीच्या ऑपरेशनसाठी ती चालूच ठेवतात, कारण थोडं जास्त रक्त आलं तर ते थांबवता येतं, पण गोळी बंद केल्यामुळे हार्ट अटॅक किंवा पक्षाघाताचा झटका आला तर काय करणार. बंद करायची का हे सर्जन आणि ज्यांनी गोळी दिली ते डॉक्टर मिळून ठरवतील. मात्र फिश ऑइल, व्हिटॅमिन ई असलं स्वतःहून चालू केलेलं काही असेल तर तेही सांगा, त्यानेही रक्त जास्त येऊ शकतं आणि लोक त्याला औषधात धरतच नाहीत. पेसमेकर असेल तर आधी सांगा, रक्त थांबवायला करंटचं मशीन वापरतात, त्यात बदल करावा लागतो.

सिगारेट, तंबाखू. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर काही आठवडे बंद म्हणजे बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅप किंवा ग्राफ्ट (दुसरीकडून आणून बसवलेली कातडी) जगतो तो नेमका त्याच बारीक वाहिन्यांवर. सर्जननी अर्धा तास खपून बसवलेली कातडी टोकाला काळी पडताना बघितली की फार वाईट वाटतं.

त्या दिवशी दिवसभराची सवड ठेवा. एका थराला कापणं, गोठवणं, रंगवणं, बघणं मिळून तासभर सहज जातो आणि किती थर लागतील हे आधी कुणीच सांगू शकत नाही. पुस्तक न्या, चार्जर न्या, सोबत कुणीतरी न्या.

आणि एक छोटी विनंती, भूल द्यायच्या आधी कडा पेनाने आखल्या जातायत का ते बघा. इंजेक्शनने जागा फुगते आणि त्यातल्या अॅड्रिनलिनने पांढरी पडते, मग जी काही अंधुक कड दिसत होती तीही जाते. चांगले सर्जन न सांगता आखतातच, तुम्हाला आरसा देऊन हीच जागा ना असं विचारतातही. नाही विचारलं तर तुम्ही विचारा, फोटो दाखवा. राग आला तर येऊ दे.

भिंतीपलीकडे काय चालतं

सर्जन आधी गाठीचा वरचा मऊ भाग क्युरेटने, म्हणजे खरवडायच्या छोट्या हत्याराने, खरवडून काढतात. बेसल सेल चांगल्या कातडीपेक्षा भुसभुशीत असतो, खरवडताना हाताला कळतं. मग १ ते २ मिलीमीटर मार्जिन धरून पातीच तिरकी, साधारण ४५ अंशात धरून पसरट बशीसारखा थर काढतात, आणि काढायच्या आधी तुकड्यावर आणि शेजारच्या कातडीवर दोन्हीकडे जुळणाऱ्या बारीक खुणा करतात. मग तुकड्याच्या कडांना वेगवेगळ्या रंगांची शाई, आणि कागदावर नकाशा, कुठला रंग कुठल्या बाजूला.

मग तो माझ्याकडे येतो. आता बघा, बशीची कड वर असते आणि बूड खाली, पण मला दोन्ही एकाच पापुद्र्यात दिसायला हवेत. त्यासाठी द्रोण दाबून सपाट करावा तसा तो तुकडा दाबून चपटा करायचा, की बाहेरची कड आणि तळ एकाच पातळीत येतात. मग उणे २० च्या खाली गोठवायचा आणि तळाकडून ५ ते १० मायक्रॉनचे पापुद्रे कापायचे, मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग. अशाने पहिल्या पापुद्र्यातच बाहेरची सगळी कड आणि सगळा तळ एकदम दिसतो. तिरकी पाती याचसाठी, सरळ उभं कापलं तर कड खाली वळतच नाही.

यात माझ्या हातून चूक झाली तर थेट पेशंटची कातडी जाते किंवा कॅन्सर राहतो. नवीन असताना एकदा माझ्या पापुद्र्यात निळ्या बाजूची वरची कड घडी पडून गायब झाली होती. सर्जन मायक्रोस्कोपवरून न उठताच म्हणाले, निळीकडे एपिडर्मिस (कातडीचा सगळ्यात वरचा थर) दिसत नाहीये, अजून खोल कापून दे. दिसत नाही म्हणजे नाही असं समजून चालत नाही, तिथे अर्धवट कड बघून क्लिअर म्हटलं असतं तर त्याच फटीत कॅन्सर राहिला असता. चरबी तर अजून त्रास देते, ती नीट गोठत नाही, फाटते. तसंच नाकावर केसांची मुळं भरपूर, ती आडवी कापली गेली की बेसल सेलसारखीच दिसतात. शंका आली की आधी त्याच गोठवलेल्या तुकड्यातला पुढचा पापुद्रा बघायचा, पेशंटच्या नाकातून लगेच नवीन थर घ्यायचा नाही. कातडी अशीही वाचते, थिएटरमध्ये नाही तर माझ्या टेबलावर.

मग कॅन्सर दिसला तर नकाशावर लाल पेनाने खूण, समजा पिवळ्या बाजूला ४ ते ५ वाजताच्या मधे. सर्जन परत जाऊन फक्त तेवढ्याच भागातून पुढचा थर घेतात, बाकी सगळी बाजू तशीच सोडून. हराळीच्या एका मुळाचा माग काढत जायचं, बाकीची बाग खणायची नाही. म्हणून दुसऱ्यांदा आत बोलावलं तर नाराज होऊ नका, आणि तीनदा बोलावलं तर सर्जनला काही जमत नाहीये असंही समजू नका.

खड्डा कसा भरायचा

आरशात बघितल्यावर धक्का बसतो, त्याची तयारी ठेवा. जखम काढलेल्या तुकड्यापेक्षा मोठी दिसते, कारण कातडी ताणलेली असते आणि कापली की कडा मागे सरकतात. सगळंच गेलेलं नसतं.

भरायचे चार मार्ग आहेत, आणि सगळ्यात भारी दिसणारा मार्ग सगळ्यात चांगला असतोच असं नाही. डोळ्याचा आतला कोपरा, कानाची खोलगट वाटी, कानशील, अशा खोलगट जागी काहीच न करता जखम आपोआप भरू दिली तर कधी कधी टाक्यांपेक्षा छान दिसते, फक्त काही आठवडे ड्रेसिंग करावं लागतं. साधे टाके घालायचे तर सुरकुत्यांच्या दिशेने, आणि सरळ रेघ नीट बसायला जखम लांबट करावी लागते, रुंदीच्या साधारण तिप्पट, त्यात थोडी चांगली कातडी जातेच, नाहीतर टोकांना उंचवटे येतात. मग फ्लॅप, आणि मग ग्राफ्ट, म्हणजे दुसरीकडून, बऱ्याचदा कानाच्या मागून किंवा पुढून, कातडी काढून आणून बसवायची.

डोळ्याची पापणी, ओठ आणि नाकपुडीची कड या तीन जागी एकच प्रश्न विचारा, टाक्यांचा ताण कुठल्या दिशेला येणार? खालची पापणी खाली ओढली गेली तर डोळा नीट मिटत नाही, कोरडा पडतो, पाणी येतं. तिथे व्रण थोडा लांब झाला तरी चालेल पण पापणी ओढली जाता कामा नये. रेघ लांब दिसली म्हणून भांडू नका.

घरी आल्यावर

पहिले २४ ते ४८ तास जाड घट्ट पट्टी असते, ती सांगितल्याशिवाय काढायची नाही, भिजवायची नाही. रक्त आलं तर स्वच्छ बोळा ठेवून सलग २० मिनिटं दाबून धरायचं, घड्याळ लावून. दर दोन मिनिटांनी थांबलं का म्हणून उचलून बघायचं नाही, प्रत्येक वेळी उचललं की नुकती धरलेली गाठ सुटते आणि पहिल्यापासून सुरुवात. २० मिनिटांनीही थांबलं नाही तर फोन करा. आणि पट्टीखाली दुखरी, टणक, वाढत जाणारी सूज असेल तर सकाळची वाट बघू नका, आत रक्त साठलं की वरचा फ्लॅप गुदमरतो.

नंतर रोज साबण पाण्याने हलक्या हाताने धुवायचं, टिपून कोरडं करायचं आणि पेट्रोलियम जेलीचा थर देऊन नवीन पट्टी. जखम उघडी ठेवून वाळवायची हा जुना समज आहे, ओलसर जखम लवकर भरते, खपली जाड धरली की नवी कातडी तिच्याखालून सरकायला वेळ लागतो. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज रोज ओतू नका, फेस बघून बरं वाटतं पण नवीन पेशीही मरतात. घरातलं जुनं अँटिबायोटिक मलम पण नको, त्यातल्या नियोमायसिन नावाच्या औषधाची अॅलर्जी बऱ्याच जणांना असते आणि लाली आली की इन्फेक्शन का अॅलर्जी हा घोळ सुरू होतो.

कपाळ किंवा नाकावर काम झालं असेल तर दुसऱ्या तिसऱ्या दिवशी डोळे सुजून काळेनिळे होतात, कुणीतरी मारल्यासारखे. सूज खाली उतरते म्हणून, घाबरायचं नाही, दोन उशा घेऊन झोपा. चेहऱ्याचे टाके साधारण ५ ते ७ दिवसांनी काढतात, अंगावरचे १० ते १४. टाके निघाले म्हणजे जखम पक्की झाली असं अजिबात नाही, दोन आठवड्यांनी तिथे मूळ ताकदीच्या दहाव्या भागाएवढीच ताकद असते आणि कितीही महिने गेले तरी ८० टक्क्यांच्या वर जात नाही. तेव्हा जड उचलणं, व्यायाम, खाली वाकून काम हे डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको. आम्ही इतकी मेहनत करून वाचवलेली कातडी लोक गॅसचा सिलिंडर उचलून उसवतात, खरंच.

मुंग्या, खाज, बधिरपणा काही महिने राहतो. व्रणाचा रंग आणि जाडी वर्षभर बदलत राहते, दोन महिन्यांचा व्रण बघून रडू नका. ऊन मात्र टाळा, सनस्क्रीन, टोपी.

एकदा झालेल्याला दुसरीकडे दुसरा होण्याची शक्यता बऱ्यापैकी असते, म्हणून सहा महिने ते वर्षाने सगळी कातडी तपासून घ्या, पाठ, कानामागे, डोक्यावर भांग पाडून. छोटा असताना सापडला तर खड्डाही छोटाच.

आणि निघताना ऑपरेशनच्या नोटची आणि त्या रंगीत नकाशाची कॉपी मागून घ्या. लोक बिल आणि प्रिस्क्रिप्शन जपून ठेवतात, नकाशा कुणी मागत नाही. उद्या पाच वर्षांनी त्या व्रणाच्या कडेला काही उगवलं आणि तुम्ही दुसऱ्याच डॉक्टरांकडे गेलात, तर पिवळ्या बाजूला ४ ते ५ च्या मधे मूळ होतं हे सांगणारा तोच एक कागद असेल, मोबाईलमध्ये त्याचाही फोटो काढून ठेवा, बायोप्सीच्या फोटोच्या शेजारी.